दिव्याखाली अंधार : प्रदर्शनात सिरॅमिक कलाकाराचे व्यक्तिचित्र

हस्तकला प्रदर्शनांत कलाकारांची छायाचित्रे काढण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे योगायोगाने मातीकाम करणाऱ्यांबद्दलची आहेत. त्यामुळे या वेळचे सदर त्याच एका विषयाला दिले आहे. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले असून पुढची काही उत्तरे त्याच्याच आधाराने दिली आहेत.

प्रश्न : स. न. वि. वि. माझी एक मैत्रीण गेली अनेक वर्षे सिरॅमिकचे काम करते. मागच्या हस्तकला प्रदर्शनात मी तिची पन्नाससाठ छायाचित्रे काढली. भांडी बरी आली, पण ती स्वतः कोठेच धड आली नाही. डोळ्यांच्या जागी काळे खड्डे, कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर पांढरे चट्टे, चेहरा एका बाजूने पिवळा तर दुसऱ्या बाजूने हिरवट, असा सगळा प्रकार झाला. प्रत्येक छायाचित्रात ती फुलदाणी हातात धरून पारितोषिक वितरणाला उभी असल्यासारखी दिसते, ते वेगळेच. दालनात फ्लॅश वापरायला मनाई आहे. माझ्याकडे एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा, 18-55 मिमीची लेन्स आणि एफ/1.8 ची 50 मिमी लेन्स आहे. प्रदर्शन पुन्हा भरणार आहे. या खेपेला मी काय वेगळे करावे? — एक वाचिका

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘भांडी बरी आली’ या तीन शब्दांतच दुखण्याचे मूळ सापडते. भांडी बरी आली, कारण दालनातला प्रकाश त्यांच्यासाठीच लावलेला होता. प्रदर्शनाची मांडणी करणारे लोक छतावरचे स्पॉट दिवे नेमके चौथऱ्यांवर रोखतात. हा प्रकाश छोट्या स्रोतातून आणि जवळजवळ डोक्यावरून येतो. त्यामुळे झिलईवर चमक उठते, भांड्याच्या पोटाची गोलाई दिसते आणि बुडाशी ठसठशीत सावली पडते. भांड्याला जे शोभते ते माणसाला शोभेलच असे नाही. हाच झोत चेहऱ्यावर पडला की भुवयांची सावली डोळ्यांत उतरते, नाकाची ओठांवर आणि हनुवटीची गळ्यावर पडते, आणि कपाळ मात्र एखाद्या झिलईदार वाडग्यासारखे चमकू लागते. यावर महागडी लेन्स हा उपाय नाही. तुमच्या मैत्रिणीची उभे राहण्याची जागा बदलावी लागेल.

म्हणून दालनात गेल्यावर पहिली दहा मिनिटे कॅमेरा पिशवीतच राहू द्या. हाताची मूठ वळून चेहऱ्याच्या उंचीवर धरा आणि ती पाहत पाहत सावकाश फिरा. बोटांच्या सांध्यांखाली काळ्या रेघा उमटत असतील, तर त्या जागी डोळ्यांखालीही तेच होणार आहे. फिरता फिरता एखादी जागा अशी येते की मुठीवरचा उजेड एका बाजूने, हळुवार उतारावरून आल्यासारखा पडतो. ती बहुधा खिडकीजवळची किंवा प्रवेशद्वाराजवळची असते; कधी ती एखाद्या पांढऱ्या भिंतीसमोरची असते, कारण स्पॉट दिव्यांनी उजळलेली मोठी पांढरी भिंत स्वतःच एक मऊ आणि विस्तीर्ण दिवा होते. अशी जागा मिळालीच नाही, तर तुमच्या मैत्रिणीला दिव्याच्या झोतातून दीड-दोन पावले मागे घ्या आणि दिव्याकडे तोंड करून उभे करा. दिवा डोक्यावरून सरकून समोर गेला की प्रकाशाचा कोन कलतो, डोळ्यांत उजेडाचा ठिपका येतो आणि डोळे जिवंत होतात. चौथऱ्याचा पृष्ठभाग पांढरा असेल, तर कलाकाराला त्याच्या अगदी मागे उभे करून पाहा. वरून पडलेला प्रकाश त्यावरून उसळून हनुवटीखालच्या सावल्या भरून काढतो, आणि दालनात वेगळा रिफ्लेक्टर घेऊन फिरण्याची अडचणही वाचते.

थोडक्यात, आधी चेहऱ्यासाठी प्रकाश शोधा आणि भांडे नंतर त्या प्रकाशात आणा. आपण नेमके उलटे करतो. मांडणी जिथे आहे तिथे कलाकाराला नेऊन उभे करतो. भांडे हलवण्याचे काम मात्र कलाकारालाच करू द्या. एका प्रदर्शनात मागे सरकताना माझ्या कॅमेऱ्याचा लोंबता पट्टा एका निमुळत्या सुरईच्या गळ्यात अडकला होता. कलाकाराने ती वेळीच धरली म्हणून निभावले. त्या दिवसापासून दालनात शिरताना मी पट्टा मनगटाला गुंडाळतो आणि पाठीवरची पिशवी बाहेर ठेवतो.

चेहरा दोन रंगांचा होण्याचे कारण मिश्र प्रकाश हे आहे. स्पॉट दिवे बहुधा 3000 केल्विनच्या (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) आसपासचे, म्हणजे पिवळसर असतात, तर खिडकीचा उजेड 5500 किंवा त्याहून अधिक केल्विनचा आणि त्या मानाने निळसर असतो. त्यात छतावरच्या ट्यूबलाइटची हिरवट झाक मिसळली की व्हाइट बॅलन्सच्या, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून कॅमेऱ्यात लावायच्या, कोणत्याही एका मापाने सगळे रंग ताळ्यावर येत नाहीत. तेव्हा जागा निवडतानाच चेहऱ्यावर एकाच प्रकारच्या दिव्याचा अंमल राहील असे पाहा. पहिल्या छायाचित्रात कलाकाराला करडे कार्ड चेहऱ्याजवळ धरायला सांगा आणि पुढची सर्व छायाचित्रे रॉ स्वरूपात, म्हणजे रंग नंतर सुधारता येतील अशा कच्च्या फाइलीत, घ्या. मातीकाम करणाऱ्यांना रंगाची फार बारीक जाण असते, कारण झिलईच्या एका छटेसाठी त्यांनी अनेक भट्ट्या लावलेल्या असतात. चेहरा थोडा पिवळा आलेला ते एक वेळ चालवून घेतील, पण सेलाडॉन झिलईची निळसर हिरवी झाक पोपटी झालेली त्यांना चालणार नाही.

दालनातले दिवे एलईडी असतील तर त्यांची आणखी एक खोड असते. जिथे वीजपुरवठा 50 हर्ट्झचा असतो तिथे साध्या दिव्यांचा प्रकाश सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण 1/500 सेकंदाच्या शटरवेगाने घेतलेल्या दोन छायाचित्रांत उजेड वेगळा पडू शकतो किंवा चित्रावर आडवे पट्टे येऊ शकतात. शटर 1/100 किंवा 1/50 वर ठेवले की उजेडाचे चढउतार पूर्ण आवर्तनासह पकडले जातात आणि ही तक्रार बहुतेक मिटते. आवाज होऊ नये म्हणून आपण इलेक्ट्रॉनिक शटर वापरतो, पण त्यात हे पट्टे अधिक दिसतात; पट्टे दिसू लागले तर यांत्रिक शटरवर या.

आता लेन्स. तुमची 50 मिमी या कामाला अगदी योग्य आहे. तुमचा एपीएस-सी सेन्सर पूर्ण आकाराच्या सेन्सरपेक्षा लहान असल्याने त्यावर ती साधारण 75 मिमीसारखे दृश्य देते, त्यामुळे दीड-दोन मीटर अंतरावरून कमरेपासून वरचे चित्र आरामात मावते, आणि एवढ्या अंतरावरून नाक मोठे व कान मागे गेलेले दिसत नाहीत. मोहात पाडतो तो एफ/1.8. दीड मीटर अंतरावर या ॲपर्चरला (लेन्सच्या छिद्राच्या या मापाला) स्पष्टतेची खोली, म्हणजे जेवढा भाग स्पष्ट येतो तेवढी जाडी, जेमतेम सहा-सात सेंटिमीटर असते. म्हणजे डोळे स्पष्ट आले तर छातीपुढे धरलेला वाडगा धूसर होणार. एफ/4 ला ती साधारण 14 सेंटिमीटर होते आणि एफ/5.6 ला 20 च्या जवळ जाते. तेव्हा एफ/4 ते एफ/5.6 च्या दरम्यान राहा, भांडे अंगाजवळ धरायला सांगा आणि फोकस जवळच्या डोळ्यावर ठेवा. यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) 1600 किंवा 3200 पर्यंत न्यावा लागला तर कचरू नका. थोडे दाणेदार आलेले चित्र चालते. हललेले चालत नाही.

एक्स्पोजर मॅन्युअलवर ठेवा. कॅमेऱ्याचा मीटर समोरचे सगळे मध्यम करडे आहे असे धरून चालतो. चौकट पांढऱ्या पोर्सेलीनने भरलेली असेल तर तो उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो; काळ्या टेन्मोकू झिलईची भांडी असतील तर तो उजेड वाढवतो आणि चेहरा उडून जातो. खिडकी नसलेल्या दालनातला प्रकाश दिवसभर बदलत नाही, तेव्हा चेहऱ्यावरून एकदा माप घेऊन ते कायम करा. पांढरे भांडे आणि सावळा चेहरा एकाच चित्रात हवे असतील, तर भांडे झोताच्या मध्यातून किंचित बाहेर, कडेच्या मंद उजेडात ठेवा. संगणकावर अर्धा तास खटपट करण्यापेक्षा भांडे वीतभर सरकवणे सोपे आहे.

कॅमेरा किती उंचीवर धरावा याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. भांड्याच्या तोंडाचा गोल चित्रात लंबवर्तुळ होऊन येतो, आणि ते किती उघडे दिसावे हे कॅमेऱ्याच्या उंचीवर ठरते. कॅमेरा कलाकाराच्या डोळ्यांच्या रेषेत असेल आणि भांडे छातीशी धरलेले असेल, तर तोंडाचे लंबवर्तुळ पुरेसे उघडते आणि आतली झिलईही दिसते. तेच भांडे चेहऱ्याच्या उंचीवर आणले की तोंडाची नुसती रेघ उरते आणि वाडगा की थाळी हे कळेनासे होते. शेवटी मागच्या फळीकडेही एक नजर टाका. डोक्यातून सुरई उगवलेल्या कलाकारांची मी काढलेली चित्रे माझ्याकडे बरीच आहेत, आणि ती कोणालाही दाखवण्याजोगी नाहीत.

वेळेबद्दल सांगायचे तर उद्घाटनाचा दिवस टाळा, शेवटचा दिवसही टाळा. पहिल्या दिवशी कलाकाराचे लक्ष येणाऱ्याजाणाऱ्यांवर असते आणि शेवटच्या दिवशी बांधाबांधीवर. मधल्या एखाद्या दिवशी दालन उघडण्यापूर्वी अर्धा तास मिळाला, तर तो संपूर्ण दिवसाच्या धावपळीपेक्षा मोलाचा ठरतो. तुमच्या मैत्रिणीच्या अवघडलेपणाचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला आहे, कारण पुढचे पत्र त्याचबद्दल आहे.

प्रश्न : मी ज्या कलाकारांची छायाचित्रे काढतो त्यांना हातांचे काय करावे तेच कळत नाही. भांडे हातात दिले की ते ताठ होतात आणि दिले नाही तर हात लोंबकळत राहतात. शिवाय मागे मांडणी दिसावी की साधी भिंत असावी, याचाही निर्णय होत नाही. — एक हौशी छायाचित्रकार

उत्तर : ‘हे धरा आणि इकडे पाहा’ असे सांगितले की कोणीही ताठ होईल. ज्या माणसाने ते भांडे मातीच्या गोळ्यापासून घडवले, सुकवले, भाजले आणि भट्टीतून काढताना जिवाची धाकधूक सोसली, त्याला आपण क्षणात ते दुकानातल्या वस्तूसारखे धरायला लावतो. त्याऐवजी त्याला भांड्याशी काहीतरी करायला लावणारा प्रश्न विचारावा. ‘याच्या बुडाला झिलई का नाही?’ असे विचारा. कलाकार लगेच भांडे उलटे करील, बुडाच्या कडेवरून अंगठा फिरवील, आणि झिलई वितळून भट्टीतल्या फळीला चिकटू नये म्हणून तेवढा भाग कोरडा ठेवावा लागतो, हे सांगू लागेल. सांगताना त्याची नजर भांड्यावर असते आणि वाक्य संपताना ती तुमच्याकडे वळते. चित्र त्या वळणावर घ्यायचे असते. दर वेळी ते हाती लागेलच असे नाही, तेव्हा असे दोन-चार प्रश्न मनाशी तयार ठेवावेत : भट्टीत काय बिघडले होते, यातले कोणते भांडे विकायचे नाही, हा तडा मुद्दाम आणला की आपोआप आला.

आपल्या भाषेत भांड्याला काठ, गळा, पोट, बूड आणि कान असे सगळे अवयव आहेत, आणि मातीकाम करणाऱ्याचे हात त्या अवयवांवर कसे फिरतात हे पाहण्यासारखे असते. खरेदीदार कप कानाला धरून उचलतो, तर ज्याने तो घडवला तो बहुधा पोटाला तळहात लावून उचलतो, कारण त्याला जाडी आणि वजन अजमावायचे असते. काठावरून बोट फिरवणे ही त्याची सवय असते. खडबडीतपणा राहिला आहे का, हे तो नकळत तपासत असतो. काही जण नखाने टिचकी मारून आवाज ऐकतात. पक्क्या भाजलेल्या निर्दोष भांड्याचा नाद खणखणीत येतो आणि तडा गेलेल्याचा बद्द. मडके वाजवून घ्यावे हे आपण बोलताना सहज म्हणून जातो, पण टिचकी मारून कान देणाऱ्या माणसाचा चेहरा मी प्रत्यक्ष पाहिला आहे आणि तसा एकाग्र चेहरा सांगून आणता येत नाही.

हातांचे स्वतंत्र चित्र घ्यायचे असेल तर प्रकाश बाजूने येऊ द्या, म्हणजे सुरकुत्या आणि बोटांची पेरे उठून दिसतील. नखांच्या कडेला माती राहिली असेल तर हात धुऊन या असे सांगू नका. मात्र प्रदर्शनासाठी स्वच्छ कपडे घालून आलेल्या कलाकाराच्या हाताला चित्रासाठी मुद्दाम माती फासण्याचा आग्रहही धरू नका. हा आग्रह धरणारे छायाचित्रकार मी पाहिले आहेत आणि त्यातून येणारे खोटे चित्र जाणकाराला चटकन ओळखू येते. ओली माती आणि वाळून पांढुरकी पडलेली माती यांतला फरक त्यांना सांगावा लागत नाही.

मागे मांडणी असावी की भिंत, याला दोन्ही बाजूंनी थोर दाखले आहेत. छायाचित्रकार अर्व्हिंग पेन यांनी 1950-51 मध्ये पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्क इथे हातावर पोट असलेल्या कारागिरांची आणि कामकऱ्यांची व्यक्तिचित्रे काढली, तेव्हा त्यांना कामाच्या जागेवरून उचलून स्टुडिओत आणले. साधा पडदा, नैसर्गिक प्रकाश, अंगावर कामाचे कपडे आणि हातात अवजार, एवढेच त्या चित्रांत आहे, आणि त्या चित्रांना तेवढे पुरते. याउलट दुसरे छायाचित्रकार अर्नोल्ड न्यूमन माणसाला त्याच्या कामाच्या जगात ठेवून चित्र घेत. त्यांनी 1946 मध्ये काढलेल्या संगीतकार स्ट्राव्हिन्स्की यांच्या चित्रात चौकटीचा मोठा भाग पियानोच्या उघड्या झाकणाने व्यापला आहे आणि संगीतकार एका कोपऱ्यात आहेत. न्यूमन यांनी झाकण का निवडले हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे. तिथे एकच मोठा आकार आहे. प्रदर्शनातल्या फळीवर तीस लहान आकार असतात, आणि त्या गर्दीत चेहरा हा एकतिसावा आकार होऊन बसतो. म्हणून माझा कौल बहुतेक वेळा भिंतीच्या बाजूने पडतो. मांडणी घ्यायचीच झाली तर कलाकारापासून तीन-चार मीटर मागे पडणारी, धूसर झालेली घ्यावी, किंवा एखादे मोठे रांजणासारखे भांडे असेल तर तेवढे एकच घ्यावे.

प्रश्न : झिलईवर दिव्यांचे पांढरे ठिपके येतात, आणि एकदा तर भांड्याच्या पोटावर मी स्वतःच कॅमेऱ्यासह दिसत होतो. पोलरायझर फिल्टर घेतल्यास हे टळेल काय? — एक वाचक

उत्तर : काही अंशी टळेल, पण या कामासाठी तो विकत घ्या असे मी म्हणणार नाही. झिलई म्हणजे भट्टीत वितळून भांड्यावर बसलेली काचच असते. काचेसारख्या अधातू पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश एका विशिष्ट कोनात ध्रुवीभूत होतो आणि पोलरायझर तो अडवतो. काचेच्या बाबतीत हा कोन पृष्ठभागाच्या लंबापासून साधारण 56 अंश असतो. सपाट काचेच्या कपाटावर ही युक्ती छान चालते. भांड्याचे पोट मात्र गोल असल्यामुळे त्याचा प्रत्येक भाग कॅमेऱ्याशी वेगळा कोन करतो. परिणामी एखाद्या पट्ट्यातली चमक जाते आणि शेजारची तशीच राहते. सोनेरी किंवा तांबूस धातूची झाक असलेल्या लस्टर झिलईवर तर त्याचा प्रभाव जवळजवळ पडतच नाही. शिवाय पोलरायझर एक ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा होणे). आयएसओ 3200 वर आधीच कसेबसे जमलेले गणित त्यामुळे 6400 किंवा 12800 वर जाते.

आणि चमक पुरती घालवायची तरी कशासाठी? चमक गेली की झिलईदार भांडे रंग दिलेल्या पुठ्ठ्यासारखे दिसते, आणि मॅट झिलई व चकाकती झिलई यांतला फरकच पुसला जातो. चमक योग्य जागी असावी एवढेच पाहायचे. प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो, त्यामुळे कलाकाराने भांडे मनगटातून थोडे कलते केले किंवा तुम्ही एक पाऊल बाजूला सरकलात की ठिपका पोटाच्या मध्यावरून कडेला जातो. अनेक दिव्यांचे अनेक ठिपके असतील, तर खिडकीकडची जागा घ्या. खिडकीचे एकच लांबट प्रतिबिंब भांड्याची गोलाई उत्तम दाखवते. तुमच्या स्वतःच्या प्रतिबिंबावरचा उपाय म्हणजे गडद आणि साधे कपडे. कलाकारालाही भडक लाल किंवा पिवळा सदरा टाळायला सांगा, कारण तो रंग पांढऱ्या झिलईत उतरतो आणि मग झिलईच तशी आहे असे पाहणाऱ्याला वाटते.

प्रश्न : आमच्या प्रदर्शनात चाकावरचे प्रात्यक्षिक असते. चाक फिरत असल्याचे चित्रात दिसतच नाही, सगळे थिजल्यासारखे येते. शटर किती ठेवावे? — एक वाचिका

उत्तर : यात शटरचा दोष फार थोडा आहे. चाकावर नीट मध्यावर बसलेली माती सर्व बाजूंनी सारखी असते, त्यामुळे ती फिरत असली काय आणि थांबलेली असली काय, चित्रात सारखीच दिसते. 1/15 ला आणि 1/500 ला तिची बाह्यरेषा तीच राहते. गती दिसते ती बोटांच्या वळ्यांत, ओघळणाऱ्या चिखलपाण्यात आणि चाकाच्या पाटावर उडालेल्या मातीच्या डागांत. कॅमेरा टेकवायला काही आधार असेल तर 1/15 च्या आसपास काही चित्रे घेऊन पाहा. डागांच्या गोल रेघा होतील आणि माती दाबून धरलेले हात बऱ्यापैकी स्थिर येतील. चेहऱ्याच्या चित्रांसाठी मात्र 1/100 च्या खाली जाऊ नका.

खरी अडचण अशी की चाकावर बसलेला माणूस खाली वाकलेला असतो आणि उभ्याने चित्र घेतले तर केसांखेरीज काही मिळत नाही. चाकाच्या समोर, थोडे बाजूला, जमिनीलगत बसा. माती मध्यावर आणताना कोपर मांडीला टेकवून सगळे अंग जोर लावते आणि चेहरा आवळला जातो. भिंत वर ओढताना श्वास रोखलेला असतो, आणि कलाकार मान एका बाजूला कलती करून भांड्याची बाह्यरेषा पाहतो. मला यातला दुसरा क्षण अधिक आवडतो. काही जण ही बाह्यरेषा दिसावी म्हणून चाकापलीकडे आरसा ठेवतात; तसा तो असेल तर आरशातून चेहरा मिळतो का, तेही पाहा. लेन्सवर साधी संरक्षक काच बसवायला विसरू नका, कारण चिखलाचे शिंतोडे वाटतात त्यापेक्षा लांब उडतात.

प्रश्न : केवळ मोबाइलवर हे जमेल का? — एक विद्यार्थी

उत्तर : जमेल. दोनपट किंवा तीनपट दाखवणारी लेन्स असेल तर ती वापरा आणि मागे सरका. जवळ जाऊन रुंद लेन्सने चेहरा घेऊ नका. चेहऱ्यावर बोट दाबून धरून एक्स्पोजर आणि फोकस कायम करा. पार्श्वभूमी कृत्रिमरीत्या धूसर करणारा पोर्ट्रेट मोड मात्र भांड्यांच्या बाबतीत हमखास फसतो. कपाचा कान आणि पोट यांमधल्या फटीतून दिसणारी भिंत तो स्पष्ट ठेवतो, किटलीच्या तोटीचे टोक पुसून टाकतो, आणि पातळ काठ कुरतडल्यासारखा करतो. तो बंद ठेवून कलाकारालाच भिंतीपासून दूर उभे करा.

प्रश्न : छायाचित्रे काढण्यापूर्वी कोणाकोणाची परवानगी घ्यावी? आणि ती पुढे कोणी वापरावीत? — एक वाचक

उत्तर : कलाकाराची, आयोजकांची, आणि चित्रात दुसऱ्या कोणाचे काम स्पष्ट दिसत असेल तर त्याचीही. शेजारच्या दालनातील कलाकाराची नवी रचना तुमच्या चित्राच्या कोपऱ्यातून सगळीकडे फिरली, तर त्याने राग धरणे रास्तच आहे. पाहायला आलेल्या लोकांचे, विशेषतः मुलांचे, ओळखू येणारे चेहरे टाळलेले बरे. वापराविषयी सांगायचे तर कलाकार ही चित्रे माहितीपत्रकात, संकेतस्थळावर किंवा विक्रीसाठी वापरू शकतो का, छायाचित्रकाराचे नाव द्यायचे का, आणि छायाचित्रकार ती स्वतःच्या प्रदर्शनात लावू शकतो का, या तीन गोष्टी चार ओळींत लिहून दोघांनी आपापल्याकडे ठेवाव्यात. मैत्री असेल तर हे अधिकच आवर्जून करावे.

प्रश्न : व्यक्तिचित्र कृष्णधवल केल्यास अधिक भारदस्त दिसते, असे माझे मत आहे. आपल्याला काय वाटते? — एक वाचक

उत्तर : चेहऱ्यापुरते ते खरे असेल. मिश्र प्रकाशाने चेहऱ्याचा रंग पार बिघडलेला असला तर मीही हा मार्ग धरला आहे. परंतु ज्या कलाकाराचे काम रंगावर उभे आहे त्याच्या हातातले सेलाडॉनचे भांडे करडे करून टाकले, तर चित्रातून त्याचे कामच वगळल्यासारखे होते. भट्टीतून लालबुंद असताना बाहेर काढून धुरात काळवंडवलेले राकूचे भांडे, पांढऱ्या झिलईवर काळ्या तड्यांची जाळी, किंवा झिलई नसलेली खरबरीत माती असेल, तर खुशाल कृष्णधवल करा. तिथे पोत आणि उजेड-सावली यांवरच सगळी भिस्त असते. कलाकाराला दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून दाखवा, आणि त्याने निवड करेपर्यंत मूळ रंगीत फाइल काढून टाकू नका.